पदरानेही मस्तक झाकते : आमच्या पास्टोरेट कमिटीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीचे सर्व सभासद,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

गेल्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या फलकावर लागलेली सूचना आम्ही वाचली. ती अशी: ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, म्हणजे लेंटच्या, पहिल्या रविवारपासून बारा वर्षांवरील प्रत्येक मुलीने आणि स्त्रीने प्रभुभोजनाला (उपासनेतल्या भाकर आणि प्याल्याच्या विधीला) येताना डोक्यावर पांढऱ्या जाळीचा व्हेल, म्हणजे डोके झाकायचे कापड, घ्यावा. साडीचा पदर, ओढणी किंवा रंगीत रुमाल चालणार नाही. व्हेल कार्यालयात २५० रुपयांना मिळेल. दारात दोन भगिनी पाहणी करतील. आणि जिच्याकडे व्हेल नसेल तिने भोजनाच्या वेळी आपल्या जागेवरच बसून राहावे. खाली करिंथकरांस पहिल्या पत्राच्या (प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या) अकराव्या अध्यायातील पाचवे आणि सहावे वचन छापले आहे. महिला संगतीला याबद्दल एका शब्दानेही विचारलेले नव्हते.

आम्ही या मंडळीतल्या मराठी घरांतल्या स्त्रिया. इंदुरात राहतो, उपासना हिंदीत करतो, घरी मराठी बोलतो. आमच्यातल्या बहुतेक जणी डोके झाकूनच बाकावर बसतात आणि पुढेही बसतील. काही जणी शिवणकाम करतात, काही जणी वेदीची वस्त्रे धुऊन इस्त्री करतात, भोजनाच्या मेजाची मांडामांड करतात. त्यामुळे कापड काय असते, डोक्यावर ते कसे टिकते आणि कुठे दगा देते, हे आम्हाला ठाऊक आहे. मस्तक झाकण्याच्या प्रथेविरुद्ध हे पत्र नाही. ती प्रथा आम्हाला प्रिय आहे, म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी वचनाबद्दल. सूचनेत दोनच वचने छापली आहेत, पण पौलाचे बोलणे दुसऱ्या वचनापासून सोळाव्यापर्यंत चालते. पाचव्या वचनात तो म्हणतो की जी स्त्री उघड्या मस्तकाने प्रार्थना करते किंवा संदेश देते ती मस्तकाचा अपमान करते. म्हणजे करिंथच्या मंडळीत स्त्रिया मोठ्याने प्रार्थना करत होत्या, संदेश देत होत्या, आणि पौल ते गृहीत धरूनच बोलतो. दहाव्या वचनात स्त्रीच्या मस्तकावर जे असावे असे तो सांगतो, त्याला मूळ ग्रीकमध्ये 'एक्सूसिया' हा शब्द आहे. त्याचा अर्थ अधिकार. 'चिन्ह' हा शब्द मुळात नाही, तो भाषांतरात घातलेला आहे. तेराव्या वचनात तो करिंथकरांना म्हणतो, तुम्हीच आपसात निवाडा करा. पंधराव्यात केस हेच स्त्रीला आच्छादनासाठी दिले आहेत असे येते. एवढे सगळे एकत्र वाचले की अभ्यासकांची मते वेगवेगळी का पडतात ते समजते. आम्ही त्या वादात पडत नाही. पण जाळी, पांढरा रंग आणि अडीचशे रुपये यांतले काहीही या पंधरा वचनांत नाही, एवढे कोणालाही वाचून पाहता येईल.

उलट पदर मात्र त्या वचनांच्या फार जवळचा आहे. करिंथ हे ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये पुन्हा वसवलेले रोमन वसाहतीचे शहर. रोमन स्त्री अंगावर 'पाला' नावाचे मोठे आयताकृती वस्त्र लपेटून घेई आणि वेळ आली की त्याच वस्त्राचा काठ डोक्यावर ओढी. वेगळी टोपी नाही, वेगळी जाळी नाही. अंगावरचेच कापड डोक्यावर. पंधराव्या वचनात 'आच्छादन' म्हणून जो ग्रीक शब्द आहे, 'पेरिबोलाइयॉन', त्याचा अर्थही अंगाभोवती लपेटायचे वस्त्र असाच आहे. साडीचा पदर याहून वेगळा काय असतो? जाळीचा व्हेल मात्र युरोपातून आला. मँटिला, म्हणजे डोक्यावरची लेसची ओढणी, ही स्पेनची चाल, जाळी विणणारे यंत्र इंग्लंडात जॉन हीथकोटने १८०८-०९ च्या सुमारास काढले आणि नायलॉनचा शोध तर १९३५ चा. कार्यालयात ठेवलेला नमुना आम्ही हातात घेऊन पाहिला. तो नायलॉनच्या जाळीचा आहे. सूचनेत त्याला 'प्रेषितांच्या काळापासूनची रीत' म्हटले आहे, ते बरोबर नाही.

सूचनेत असेही म्हटले आहे की साऱ्या ख्रिस्ती जगात हाच नियम आहे. तसे नाही. रोमन कॅथलिकांच्या १९१७ च्या धर्मनियमसंहितेत कलम १२६२ नुसार स्त्रियांनी, विशेषतः प्रभूच्या मेजाजवळ जाताना, डोके झाकावे असे होते. १९७६ मध्ये व्हॅटिकनच्याच एका जाहीर निवेदनात ही किरकोळ शिस्तीची बाब असून आता बंधनकारक नाही असे म्हटले, आणि १९८३ च्या नव्या संहितेत ते कलम नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये १९४२ मध्ये कँटरबरी आणि यॉर्क या दोन्ही आर्चबिशपांनी सांगितले की उघड्या डोक्याने आत यायला कोणत्याही स्त्रीने कचरू नये. दुसरीकडे ब्रदरन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांत अनेक ठिकाणी आजही डोके झाकणे आवश्यक मानतात. रशियन ऑर्थोडॉक्स स्त्रिया फुलाफुलांचे रंगीत रुमाल बांधतात. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती आज्या पांढऱ्या चट्टा-मुंडूवर (पोलके आणि धोतरासारखे वस्त्र यांवर) कवणी नावाचे उपरणे घेतात, आणि त्यांच्या सुना-नाती साडीचा पदर. देवाच्या घरात हे सगळे चालत आले आहे. आणि इथले काय? कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम इंदुरात १८७७ मध्ये सुरू झाले. मिशनच्या मडमा हॅट घालत, आपल्या बायका पदर घेत. दोन्ही मस्तके झाकलेलीच होती.

मराठी बाईच्या पदराबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण सूचनेत त्याला 'रोजचा कपडा' म्हणून बाजूला सारले आहे. आमच्या भाषेत देवाकडे काही मागायचे तर पदर पसरून मागतात. कोणाला आसरा द्यायचा तर पदराखाली घेतात. माळव्यातला घुंगट चेहरा झाकतो. आमचा पदर चेहरा मोकळा ठेवून डोके झाकतो, मोठ्यांसमोर आणि देवासमोर. हे शहर ज्यांना आई म्हणते त्या अहिल्याबाई होळकरांची जवळजवळ प्रत्येक प्रतिमा डोक्यावर पदर घेतलेली आहे. त्यांची श्रद्धा वेगळी होती. पण पदर घेण्याचा अर्थ या मातीत सगळ्यांना कळतो. त्यासाठी वेगळी जाळी विकत घ्यावी लागत नाही.

आणि पदराची दुसरी बाजूही आम्हाला माहीत आहे. विधवेचे केस काढून तिच्या बोडक्या डोक्यावर आलवणाचा, म्हणजे विधवेच्या लाल लुगड्याचा, पदर लादण्याची चाल महाराष्ट्रात होती. अशाच विधवांसाठी ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही शाळा काढली. मराठी ख्रिस्ती स्त्रीच्या मागे हा इतिहास उभा आहे. स्वतःहून घेतलेला पदर आणि दुसऱ्याने डोक्यावर टाकलेला पदर यांत काय फरक असतो, हे तिला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून सूचनेतले सहावे वचन, केस कापण्या-मुंडण्याचे, फलकावर ठळक अक्षरांत पाहून आमच्या पोटात कालवले. या मंडळीत कर्करोगाच्या उपचारांत केस गेलेल्या भगिनी आहेत. त्या मऊ सुती टोपी किंवा रुमाल बांधून येतात. सूचनेप्रमाणे तो रुमाल चालणार नाही. जाळीतून तर डोके आरपार दिसते. त्यांनी काय करायचे, याचा विचार कमिटीच्या बैठकीत झाला होता का?

आता त्या व्हेलकडे जवळून पाहू. नमुना साधारण ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ रुंद, कडेला शिवलेली लेस, आत चिमटा किंवा पट्टी नाही. तेल लावलेल्या केसांवर नायलॉनची जाळी ठरत नाही. तिला वजन नाही आणि पकडही नाही, त्यामुळे पंखा सुरू होताच ती उडते. इंदूरची हवा थंडीत आणि उन्हाळ्यात कोरडी असते. जाळी घासली की तिच्यात वीज साठते आणि ती चेहऱ्याला चिकटते. लेसचे धागे चष्म्याच्या दांडीत, कानातल्यात आणि श्रवणयंत्रात अडकतात. त्यातून भोजन घेण्याची रीत लक्षात घ्या: स्त्री वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकते, डाव्या तळहातावर उजवा ठेवून भाकर घेते, मग प्याला ओठांशी येतो. दोन्ही हात गुंतलेले, मान थोडी खाली. नेमक्या त्याच क्षणी बिनचिमट्याची जाळी पुढे सरकते आणि तिची कड प्याल्यात बुडू शकते. ज्या स्त्रीचे सारे लक्ष प्रभूकडे असायला हवे, तिचे लक्ष कपाळावरून घसरणाऱ्या जाळीकडे लागते.

मेणबत्तीचे भय याहून मोठे. २४ डिसेंबरच्या रात्री आणि पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) पहाटे शंभर-दीडशे माणसे दाटीवाटीने मेणबत्त्या धरून उभी असतात. नायलॉन सुमारे २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते, आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटून बसतो. झटकून निघत नाही. सुती कापडही पेट घेते, त्यात फसवणूक नको. पण ते वितळत नाही आणि अंगासरसे बसलेले असेल तर ज्योतीवर उडत जात नाही. म्हणून कापड कोणतेही असो, पदराची आणि ओढणीची टोके कमरेला खोचलेली असावीत, मेणबत्तीला पुठ्ठ्याची चकती असावी, ती छातीसमोर हातभर पुढे धरावी. ज्योत देताना पेटलेली मेणबत्ती सरळच ठेवायची आणि न पेटलेली तिच्याकडे तिरपी करायची. उलटे केले की गरम मेण शेजारणीच्या हातावर सांडते. दोन्ही बाजूंच्या दारांशी पाण्याची एकेक बादली. हे सगळे सूचनेत असते तर आम्ही आभार मानले असते.

पदर घसरतो म्हणून तो नको, असे कमिटीतल्या एका वडिलांनी सांगितल्याचे आमच्या कानावर आले. घसरतो, हे खरे. पण नेसण्याच्या चुकीमुळे. हल्ली पदराच्या सगळ्या चुण्या एकावर एक रचून खांद्यावर पिन ठोकतात. तसे केले की काठ डोक्यापर्यंत येतच नाही, आणि ओढला तर ब्लाउजचा खांदा उसवतो. डोक्यावर घ्यायचा पदर असा घ्यावा: मागे गुडघ्याच्या खालपर्यंत पोचेल इतका लांब सोडायचा, पिन एकच, आणि तीही बाहेरच्या दंडाकडच्या दोन चुण्यांनाच, मानेकडचा काठ वीतभर सैल. हा सैल काठ अंबाड्यावरून पुढे आणून कपाळाच्या केसांच्या रेषेमागे दोन बोटांवर बसवायचा, उरलेला पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेऊन कमरेला खोचायचा. दोन्ही हात मोकळे राहतात. केस आखूड असतील तर अंबाड्याचा आधार मिळत नाही, तेव्हा कानांच्या वर एकेक काळी क्लिप आडवी लावून तिच्यावर काठ अडकवावा. सुती साडी उत्तम. जॉर्जेट आणि शिफॉन सर्वांत वाईट. आपल्या जवळची महेश्वरी, रेशमी ताण्याची आणि सुती बाण्याची, मधली आहे: हलकी असल्याने थोडी सरकते, पण तिचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्यामुळे डोक्यावर उलटी बाजू आली तरी विद्रूप दिसत नाही.

ज्या मुली जीन्स-कुर्ता घालतात त्यांच्यासाठी रुमाल हवा, आणि तो घरी शिवता येतो. एक मीटर मलमल किंवा टू-बाय-टू रुबिया, पन्हा ३६ इंच. आधी रात्रभर पाण्यात भिजवावे, कारण नवे सुती कापड आटते, आणि त्यातली खळही निघून जायला हवी; खळीचे कापड डोक्यावर उभे राहते. वाळल्यावर इस्त्री करून सुमारे ८५ सेंटिमीटरचा चौकोन कापावा, कर्णावर दोन तुकडे करावेत. दोन त्रिकोणी रुमाल तयार. कर्णाची कड तिरक्या धाग्यावर येते, ती ताणली जाऊन लाटा पडतात. म्हणून दुमडण्याआधी तिच्यावर एक साधी शिलाई मारून घ्यावी, मग सहा मिलिमीटरची दुहेरी दुमड. कर्णाच्या मध्यापासून दोन्हीकडे दहा-दहा सेंटिमीटरवर आतून एकेक टिकटॉक क्लिप टाचली की पंख्याखालीही रुमाल हलत नाही. एका मीटरमध्ये दोन मुलींचे काम होते. तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये याचे कापड मिळते.

सूचनेत नाही, पण दारात 'उसन्या व्हेल'ची पेटी ठेवण्याचे बोलले जाते; तिच्याबद्दलही एक गोष्ट. आपल्या दोन उपासना एकाच सकाळी होतात. पहिल्या उपासनेत एकीने घातलेला व्हेल दोन तासांत दुसरीच्या डोक्यावर जाणार. ऊ डोक्यावरून उतरली की साधारण दोन दिवसांत मरते. दोन तासांत नाही. पेटी ठेवायचीच तर वापरलेल्यासाठी वेगळी टोपली हवी, आणि दर आठवड्याला गरम पाण्याची धुलाई. नायलॉनची लेस त्या पाण्यात आक्रसते. सुती रुमाल टिकतो.

पैशांचे बोलायला संकोच वाटतो, पण बोलावे लागेल. आई आणि तीन मुली अशा घराला एक हजार रुपये पडतील. आपल्या मंडळीत रोजंदारीवर घरे चालवणाऱ्या स्त्रिया आहेत. सूचनेप्रमाणे ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्या भोजनाच्या वेळी सगळ्यांसमोर बाकावर बसून राहतील.

आणि इथे आम्ही कमिटीला हात जोडून विनंती करतो की तोच अकरावा अध्याय पुढे वाचावा. सोळाव्या वचनाशी पौल थांबत नाही. सतराव्यापासून तो प्रभुभोजनाकडेच वळतो आणि करिंथकरांना कडक शब्दांत बोलतो. कशासाठी? ज्यांच्याजवळ होते ते आधी खाऊन घेत आणि ज्यांच्याजवळ नव्हते ते उपाशी राहत, म्हणून. बाविसाव्या वचनात तो विचारतो, तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता काय, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता काय? अठ्ठाविसाव्यात तो सांगतो की प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, प्याल्यातून प्यावे. परीक्षा स्वतःची, स्वतः. दारात दोन भगिनी उभ्या करून दुसऱ्यांची नव्हे. पाचव्या वचनाच्या आधाराने काढलेली सूचना बाविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या वचनांच्या विरुद्ध जात असेल, तर ती पौलाची सूचना कशी म्हणायची? लूकच्या सातव्या अध्यायात एक स्त्री मोकळ्या केसांनी प्रभूचे पाय पुसते, आणि तेही जेवणाच्या वेळी. घरधन्याच्या मनात आले की हा संदेष्टा असता तर आपल्याला शिवणारी ही स्त्री कशी आहे ते याला कळले असते. प्रभूने तिला बाहेर घालवले नाही.

दारात उभ्या करायच्या त्या दोन भगिनींचाही विचार करा. त्या आमच्याच शेजारणी. एकीने दुसरीला मेजापासून परत पाठवायचे आणि सोमवारी तिच्याच दारात वाटीभर साखर मागायला जायचे, हे काम तुम्ही त्यांच्यावर टाकू नये. चौथ्या वचनात पुरुषांनी मस्तक झाकून प्रार्थना करू नये असेही आहे. थंडीच्या सकाळी मफलर आणि कानटोपी घालून बाकावर बसणाऱ्या कोणालाही आजवर दारात अडवलेले नाही, आणि अडवू नये असेच आम्हाला वाटते.

आमच्या मागण्या अशा.

१. लेंटच्या पहिल्या रविवारपूर्वी ही सूचना मागे घ्यावी आणि फलकावरून काढावी.

२. पदर, ओढणी, रुमाल, टोपी यांपैकी स्त्री जे घेईल ते मस्तकाचे आच्छादन मानावे. जी घेणार नाही तिलाही प्रभुभोजन नाकारू नये, आणि इतरांच्या नंतरही बसवू नये.

३. दारातील पाहणी रद्द करावी.

४. व्हेलची विक्री थांबवावी. ज्या घरांनी पैसे भरले आहेत त्यांना ते परत मिळावेत.

५. मेणबत्तीच्या उपासनांसाठी लेखी सुरक्षा-सूचना काढाव्यात. मसुदा आम्ही करून देऊ.

६. स्त्रियांच्या वस्त्रांविषयी किंवा उपासनेतील सहभागाविषयी कोणताही ठराव महिला संगतीशी बोलल्याशिवाय करू नये. कमिटीच्या अकरा जागांवर आज एकच स्त्री आहे. पुढच्या निवडणुकीत किमान चार असाव्यात.

७. या अध्यायावर, दुसऱ्या वचनापासून चौतिसाव्यापर्यंत, पाळकसाहेबांनी सर्वांसाठी एक शास्त्रपाठ ठेवावा. वाचन एका स्त्रीकडे द्यावे.

या पत्राचे लेखी उत्तर पंधरा दिवसांत फलकावर लागावे, कारण सूचनाही फलकावरच लागली होती. कमिटीने बोलावले तर आम्ही यायला तयार आहोत, आणि येताना डोक्यावर पदर असेल.

दारातली पेटी सुती रुमालांची करायचे ठरलेच, तर पंचवीस मीटर मलमलीतून पन्नास रुमाल होतील. कापड मंडळीने द्यावे. शिलाई आम्ही करू. शनिवारी दुपारी चार वाजता मंडळीच्या हॉलमध्ये दोन शिलाई मशीन असतील. कापड आदल्या रात्री भिजवून, वाळवून आणावे.

प्रभूमध्ये आपल्या,
मंडळीतील मराठी भाषिक भगिनी
इंदूर